जुन्या ट्यूबलाइटचे करावयाचे काय?

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा चिटणिसांचा निरोप आला तेव्हा विषयाच्या शोधात आम्हांस फार दूर जावे लागले नाही. त्याच आठवड्यात सभागृहातील जुन्या ट्यूबलाइट उतरवून एलईडीचे दिवे बसविण्याचे काम चालू होते. आम्ही सहज डोकावलो. नवे दिवे लख्ख पेटले होते आणि जमलेल्या सर्वांच्या माना वर होत्या. खाली जिन्याच्या कोपऱ्यात मात्र उतरविलेल्या छत्तीस नळ्या सुतळीने बांधून लाकडाच्या मोळीप्रमाणे उभ्या केल्या होत्या. "यांचे पुढे काय?" असे आम्ही विचारले. वायरमन म्हणाला, "भंगारवाला आला तर देऊ, सर. नाहीतर उद्या कचऱ्याच्या गाडीत टाकू."

त्या बिचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. सांबऱ्यात काय, बेळगावात काय किंवा निपाणीत काय, बहुतेक घरांत हेच उत्तर मिळेल. आम्हीही पुष्कळ वर्षे हेच उत्तर देत आलो. ते उत्तर चुकीचे का आहे आणि बरोबर उत्तर कोणते, एवढेच सभासद बंधुभगिनींपुढे मांडावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आमची एक चूक

आरंभी आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगणे बरे. तिला पंधरा वर्षे होत आली. आम्ही त्या वेळी ज्या शाळेत होतो, तेथे इमारतीच्या मागील बाजूस बिघडलेल्या नळ्या पडून होत्या. मोठ्या सुट्टीत पोरांनी त्या तलवारी म्हणून हाती घेतल्या आणि लढाई सुरू केली. फटाफट आवाज ऐकून आम्ही धावलो. सात-आठ नळ्यांचा चुरा झाला होता व एका मुलाच्या पायाला काच लागली होती. त्याची जखम धुऊन पट्टी बांधली. मग बाकीच्यांना शिक्षा म्हणून त्यांच्याच हाती झाडू दिला व सर्व काच भरून घेतली. झाडूसरशी पांढरी भुकटी उडत होती, ती मुलांच्या हातांना व सदऱ्यांना लागत होती. आम्ही मात्र चांगली शिस्त लावली म्हणून समाधानाने उभे होतो.

आम्ही विज्ञानाचे पदवीधर, शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेले. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची वाफ असते हे आम्हांस पाठ होते. चाचणी परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्नही आम्हीच घातला होता. परंतु पुस्तकातील पारा आणि अंगणातील भुकटी यांचा संबंध त्या दिवशी डोक्यात आला नाही. कोणास काही त्रास झाल्याचे पुढे कानी आले नाही, हे खरे. तरीही ते दृश्य आठवले म्हणजे आजदेखील शरम वाटते. शिकलेल्या माणसाची ही स्थिती, तर इतरांस काय म्हणावे!

नळीत असते काय?

ट्यूबलाइट म्हणजे दोन्ही टोकांस बंद केलेली काचेची नळी. आतील हवा काढून घेऊन तिच्यात थोडासा आरगॉनसारखा वायू व अगदी किंचित पारा घातलेला असतो. बटण दाबले की चोक आणि स्टार्टर यांच्या साहाय्याने नळीतून वीज वाहू लागते. पाऱ्याचे अणू त्या विजेने उत्तेजित होतात व अतिनील किरण बाहेर टाकतात. हे किरण डोळ्यांस दिसत नाहीत. नळीच्या आतल्या अंगाला फॉस्फरची पांढरी भुकटी सारवलेली असते. ती हे किरण शोषून घेते व त्यांच्या बदली आपणांस दिसणारा पांढरा उजेड देते. अशी नळी अमेरिकेत १९३८ साली बाजारात आली. पुढे तीच नळी बारीक करून, वळवून, गोळ्याच्या होल्डरात बसेल अशी केली. तिला आपण सीएफएल म्हणतो.

या दिव्यांनी आपले पुष्कळ भले केले. जुन्या तारेच्या गोळ्यापेक्षा त्यांस वीज फार कमी लागते, म्हणून २००९ साली केंद्र सरकारने 'बचत लॅम्प योजना' काढून अवघ्या पंधरा रुपयांत सीएफएल देण्याची व्यवस्था केली. त्यानंतर २०१५ च्या जानेवारीत 'उजाला' योजना आली व एलईडीचे दिवे घराघरांत शिरले. म्हणजे थोड्याच वर्षांत आपण दोनदा दिवे बदलले. नव्या दिव्यांचे स्वागत झाले. उतरविलेले दिवे कोठे गेले, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

येथे दिव्यांची ओळख सांगून ठेवतो. तारेच्या पिवळ्या गोळ्यात पारा नसतो. एलईडीतही नसतो, परंतु त्यात इलेक्ट्रॉनिक भाग असल्यामुळे तोही ओल्या कचऱ्यात टाकण्याची वस्तू नव्हे. पारा असतो तो काचेच्या ट्यूबलाइटमध्ये, सीएफएलमध्ये आणि रस्त्यांवर किंवा कारखान्यांत लावीत त्या मोठ्या मर्क्युरी दिव्यांमध्ये. वापरलेल्या ट्यूबलाइटची टोके बहुधा काळवंडलेली असतात, ही तिची सोपी खूण.

पारा थोडा, पण वाईट

एका सीएफएलमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो. जुन्या जाड चार फुटी नळीत तो याच्या कित्येक पट असू शकतो. ताप पाहण्याच्या काचेच्या जुन्या थर्मामीटरमध्ये सुमारे अर्धा ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅम पारा असे. हे लक्षात घेतले म्हणजे घरात एखादी नळी फुटली तर घाबरून जाण्याचे कारण नाही हे कळेल. एका नळीने कोणी दगावत नाही. परंतु थेंब थोडा म्हणून तो निरुपद्रवी असेही नाही. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक पारा नसावा, असे भारतीय मानक सांगते. आता त्रैराशिक मांडा. ५ मिलिग्रॅम पारा ५,००० लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेल. हे केवळ गणित झाले. प्रत्यक्षात सगळा पारा पाण्यात उतरत नाही. तरी वस्तू किती जहाल आहे याचा अंदाज त्यावरून यावा.

पारा हा साध्या तापमानाला द्रवरूप राहणारा धातू आहे, हे शाळेतील मुलेही सांगतात. पण तो त्याच तापमानाला हळूहळू वाफरूपाने हवेतही जात असतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. या वाफेला रंग नाही, वास नाही. ती श्वासावाटे आत गेली म्हणजे तिचा बहुतेक भाग फुप्फुसांतून रक्तात उतरतो. मज्जासंस्था व मूत्रपिंडे यांना तिच्यापासून अपाय होतो. पोटातील बाळास व लहान मुलांस धोका अधिक. एकदाच थोडी वाफ लागणे आणि रोज लागणे यांत मोठा फरक आहे. रोज लागते ती कोणाला, हे पुढे सांगतो.

नळी कचऱ्यात फुटली म्हणजे थोडा पारा हवेत जातो व थोडा पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यानाल्यांत उतरतो. आपल्या तालुक्याचे बरेचसे पाणी मार्कंडेय नदीला मिळते. मार्कंडेय घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला. निपाणीकडचे पाणी वेदगंगेतून दूधगंगेत व तेथून कृष्णेतच जाते. चिखलातील सूक्ष्म जंतू पाऱ्याचे मिथिल मर्क्युरी नावाचे विष बनवितात. ते माशांच्या अंगात साठते व माशांतून माणसाच्या अंगात येते.

जपानमधील मिनामाता गावाची कथा या बाबतीत सर्व जगास माहीत आहे. तेथील एका रासायनिक कारखान्याचे पारायुक्त पाणी वर्षानुवर्षे समुद्राच्या खाडीत सोडले जात होते. मासे खाऊन प्रथम मांजरे वेड्यासारखी नाचू लागली, मग माणसांचे हातपाय लटपटू लागले, दृष्टी व वाचा जाऊ लागली. १९५६ साली या रोगाची अधिकृत नोंद झाली. कित्येक माणसे मेली, कित्येक बालके जन्मतःच अपंग निपजली. आमच्या छत्तीस नळ्यांची तुलना त्या कारखान्याशी होऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पारा एकदा बाहेर पडला की तो नाहीसा होत नाही, एवढा धडा त्यापासून घेण्यासारखा आहे.

आपल्या देशातील उदाहरण पाहावयाचे तर कोडाईकनालचे आहे. तेथे थर्मामीटर तयार करण्याचा कारखाना होता. पारा लागलेली फुटकी काच गावातील भंगाराच्या आवारात ढिगाने पडलेली लोकांना आढळली, मोठा गवगवा झाला आणि २००१ साली तो कारखाना बंद पडला.

फोडतो कोण?

भंगाराचा उल्लेख आला म्हणून आणखी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही ओळखीच्या एका भंगारवाल्याकडे गेलो होतो. दुकानाच्या मागे नळ्यांच्या काचेचा ढीग दिसला. विचारले तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, काचेला काय भाव? टोकांची टोपणं तेवढी ॲल्युमिनियमची. ती काढायची आणि काच मागं टाकायची." टोपणे काढतो कोण, असे विचारताच सहज बोलून गेला, "घरातली पोरंच करतात की, शाळेतनं आल्यावर." त्यांपैकी एक मुलगा आमच्याच वर्गात बसत होता.

आपण नळी घराबाहेर ठेवतो तेव्हा आपल्या दृष्टीने ती संपलेली असते. ती फुटते ती दुसऱ्याच्या अंगणात आणि दुसऱ्याच्या मुलाच्या हातांत. तिची वाफ रोज लागते ती त्याला, किंवा कचऱ्याच्या गाडीवर उघड्या हातांनी काम करणाऱ्या मावशींना. बेळगाव शहराचा कचरा कित्येक वर्षे तुरमुरीला नेला जात आहे. तेथील कामगारही माणसेच आहेत. पतंगाच्या मांज्यासाठी ट्यूबलाइटची काच कुटून बारीक वस्त्रगाळ करणारी मुलेही आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या पालकांस हे कोणी तरी सांगावयास हवे.

भंगारवाल्याला आम्ही पाऱ्याची सर्व हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले व एकच प्रश्न केला, "मी घेत नाही म्हणालो, तर तुम्ही टाकणार कुठं, गुरुजी?" त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते.

कायदा काय म्हणतो?

उत्तर शोधता शोधता असे आढळले की कायद्याने ही गोष्ट केव्हाच विचारात घेतली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००८ साली या दिव्यांतील पाऱ्याविषयी मार्गदर्शिका काढली. २०१६ साली आलेल्या घनकचरा नियमांत सीएफएल व ट्यूबलाइट यांस 'घरगुती घातक कचरा' म्हटले गेले व तो ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा ठेवून स्थानिक संस्थेच्या संकलन केंद्रात द्यावा, असे सांगितले गेले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत पाऱ्याचे दिवे आले. ते परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली. २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांतही हे दिवे आहेत. पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला मिनामाताचेच नाव दिले आहे. भारताने तो २०१८ साली मान्य केला. या कराराच्या २०२३ साली जिनिव्हा येथे भरलेल्या परिषदेत, पाऱ्याच्या ट्यूबलाइटची निर्मिती २०२७ अखेरपर्यंत जगभर थांबवावी असे ठरले.

नियम चांगले आहेत. परंतु नियम आणि आपला उंबरठा यांमधील अंतर कोणी तरी चालावे लागते.

नळीचे पुढे काय होते?

अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्रात नळी बंद यंत्रात फोडतात. यंत्रातील हवा आतल्या आत ओढून घेऊन ती विशिष्ट कोळशाच्या गाळणीतून जाऊ देतात, म्हणजे वाफ बाहेर पडत नाही. काच, टोपणांचा धातू आणि भुकटी वेगवेगळी होतात. भुकटी तापविली की पाऱ्याची वाफ होते आणि ती थंड करून पुन्हा पारा मिळवितात. अर्क काढतात तशीच ही क्रिया. काच व ॲल्युमिनियम पुन्हा वापरात येतात, भुकटीत इट्रियमसारखी मौल्यवान मूलद्रव्येही असतात. मात्र या सर्वांस एक अट आहे. नळी तेथपर्यंत अखंड पोहोचली पाहिजे. वाटेत फुटली की पारा आधीच निसटतो व यंत्रात केवळ काच जाते. म्हणूनच आमच्या लेखाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर, जुनी नळी फोडू नका, अखंड ठेवा आणि अखंडच योग्य हाती द्या.

घरी काय करावे?

१. नळी काढण्यापूर्वी बटण बंद करावे व ती थंड होऊ द्यावी. शिडीवर एकाने चढावे, खाली दुसऱ्याने झेलून घ्यावी. सीएफएल काढताना काचेला न धरता खालच्या पांढऱ्या बुडाला धरून फिरवावा.

२. नवी नळी ज्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात येते, त्यातच जुनी सरकवावी. वेष्टन नसेल तर वर्तमानपत्रांत गुंडाळावी. सीएफएल जुन्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांत ठेवावा.

३. मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कोरड्या जागी आडवी ठेवावी. गच्चीवर, गोठ्यात किंवा जिन्याखाली उभी करून ठेवू नये. जागा वाचावी म्हणून फोडणे, पुरणे, जाळणे किंवा ओढ्यात टाकणे, यांपैकी काहीही करू नये.

४. चोक, पट्टी व वायर यांत पारा नसतो. ती भंगारात देण्यास हरकत नाही. नळी मात्र देऊ नये.

आणि फुटलीच तर? प्रथम मुलांना व गुराढोरांना बाहेर काढावे. पंखा बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि पंधरा मिनिटे खोलीत कोणी जाऊ नये. मग हातांत रबरी मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालून दोन जाड पुठ्ठ्यांनी काच व भुकटी गोळा करावी. झाडू मारू नये, त्याने भुकटी उडते आणि झाडूलाही लागून राहते. बारीक कण चिकटपट्टीने टिपून घ्यावेत, शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसावी. काच, पट्टी, कागद, पुठ्ठे असे सर्व काही घट्ट झाकणाच्या बरणीत भरून बरणी घराबाहेर सुरक्षित जागी ठेवावी व इतर नळ्यांबरोबर द्यावी. अंथरुणावर नळी फुटली असेल तर ते कापड धुण्याच्या यंत्रात घालू नये, तेही बांधून वेगळे काढावे. हात साबणाने स्वच्छ धुवावेत. पंधरा वर्षांपूर्वी आम्हांस एवढे ठाऊक असते, तर त्या मुलांच्या हाती झाडू गेला नसता.

ट्रस्टला एक विनंती

राहिला भंगारवाल्याचा प्रश्न. टाकणार कुठे? एका घरात वर्षाला एक-दोन दिवे निघतात. तेवढ्यासाठी कोणतेही केंद्र गाडी पाठविणार नाही आणि कोणी दोन नळ्या हाती घेऊन दूरवर जाणारही नाही. शंभर घरांच्या नळ्या एकत्र असल्या म्हणजे मात्र घेणाऱ्यालाही परवडते व देणाऱ्यालाही. एकट्याला न झेपणारे काम सर्वांनी मिळून करावे, यासाठीच तर ट्रस्ट असतो.

म्हणून आमची सूचना अशी. सभागृहाच्या मागील कोठडीत एक लांब लाकडी पेटी करावी. सभासदांनी आपापल्या नळ्या वेष्टनासह तेथे आणून द्याव्यात. एका वहीत तारीख व संख्या लिहावी. पेटीला कुलूप असावे व किल्ली जबाबदार माणसाकडे असावी. वर्षातून एकदा, ग्रामपंचायतीला कळवून आणि कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून अधिकृत केंद्रांची यादी घेऊन, सर्व माल एकदम द्यावा व पावती घ्यावी. वाहतुकीस काही खर्च येईल. तो ट्रस्टने दिवाबत्तीच्या खात्यातच धरावा, कारण दिवा लावण्याचा खर्च त्याची नीट विल्हेवाट लागेपर्यंत पुरा होत नाही. निपाणीकडील सभासदांनीही आपल्या नगरपालिकेकडे चौकशी करून अशीच पेटी ठेवावी. शाळांतील मुलांकडून हे काम करवून घेऊ नये. मात्र त्यांना माहिती अवश्य द्यावी. घरी जाऊन तीच आईवडिलांना सांगतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

त्या छत्तीस नळ्यांविषयी सांगून लेख संपवितो. वायरमनला व चिटणिसांना आम्ही हे सर्व सांगितले. नव्या दिव्यांची रिकामी वेष्टने तेथेच पडली होती. संध्याकाळपर्यंत बसून आम्ही तिघांनी सुतळी सोडली, एकेक नळी वेष्टनात घातली आणि कोठडीत आडवी रचून ठेवली. पस्तीस अखंड निघाल्या. एकीला बांधतानाच तडा गेला होता, ती वेगळी गुंडाळली. कोठडीच्या दारावर आम्ही खडूने 'पारा आहे, फोडू नये' असे लिहिले आहे. महोत्सवास येणाऱ्या सभासदांनी ते वाचावे आणि पुढच्या खेपेस येताना घरातील एखादी जुनी नळी जपून घेऊन यावे. पेटी भरली, तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.